मुलाचं काहीतरी बिनसलंय: शाळेशी कधी, कोणाशी आणि कसं बोलायचं

सहामाहीचा निकाल लागतो, गणितात घसरण दिसते आणि पुढचे आठ दिवस घराघरांत साधारण एकाच क्रमाने जातात. आधी क्लास बदलला जातो. मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘तुमच्याही मुलांना त्या टीचरचा त्रास होतो का?’ असा मेसेज पडतो. त्यावर वीस-पंचवीस जणांची मतं झाली की मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर चौघे-पाच जण उभे. मुलाशी बोलणं होतं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही ‘तुला कमी काय पडतंय ते सांग’ या सुरात.

मी ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. माझ्यापर्यंत येणाऱ्या बहुतेक आई-वडिलांनी करण्यासारखं सगळं केलेलं असतं, फक्त उलट्या क्रमाने. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

## आधी हे वाचा: क्रम सोडून थेट कधी जायचं

खालच्या तीन गोष्टींत नोंदी, भेटी, वाट पाहणं काहीही नको.

मूल जीव देण्याबद्दल बोललं, तसं लिहिलेलं सापडलं, किंवा हातावर-मांडीवर कापल्याच्या खुणा दिसल्या. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘जगणं नको वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलू लागतं. त्याला एकटं ठेवू नका आणि घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध कुलपात टाका. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

लैंगिक छळाचा संशय. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी घटना कळलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेलाही. ‘आपण शाळेच्या पातळीवर मिटवू’ असं कोणी म्हणालं तर तो पर्याय कायद्यातच नाही. मुलाला तेच ते खोदून विचारू नका. ते जे शब्द वापरेल ते जसेच्या तसे कागदावर लिहा. घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

शाळेत मारहाण किंवा सगळ्यांसमोर अपमान. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. इथे थेट मुख्याध्यापकांना लेखी द्या.

बाकी सगळ्यासाठी, म्हणजे चिडचिड, सकाळची पोटदुखी, गुण घसरणं, मित्र तुटणं, शाळेत जायचा कंटाळा, पुढचे टप्पे.

## टप्पा १: पंधरा दिवसांची वही

शाळेत जाण्याआधी हातात काहीतरी हवं. मत नको, नोंद हवी. ‘ती हल्ली खूप चिडचिडी झालीये’ या वाक्यावर वर्गशिक्षिका काहीही करू शकत नाहीत. जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहा: रात्री झोप कधी लागली, सकाळी काय म्हणालं, डबा किती परत आला, शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास कसा गेला, त्या दिवशी वेळापत्रकात कोणते तास होते.

पाचवीतल्या एका मुलीच्या आईची वही अशी होती:

*मंगळवार – सकाळी पोटात दुखतं म्हणाली. रडत बसमध्ये बसली. डबा अर्धा परत.*
*बुधवार – काही नाही. पोळी-भाजी संपवली.*
*गुरुवार – काही नाही. घरी येऊन गाणी म्हणत होती.*
*शुक्रवार – पोटदुखी. उलटी होईल म्हणाली, झाली नाही. डबा तसाच.*

आई दोन आठवडे ‘रोजच पोटात दुखतं’ असं धरून चालली होती. वही सांगत होती, मंगळवार आणि शुक्रवार. त्या दोन्ही दिवशी पीटीचा तास. आता शाळेत जाऊन नेमकं काय विचारायचं ते ठरलं.

इथे चुकतं ते असं: वही मुलाला दाखवून ‘बघ, तू रोज असं करतेस’ म्हणणं. ही वही पुरावा म्हणून नाही. ती मोठ्यांसाठी आहे, मोठ्यांकडेच राहू दे.

पुढे जाण्याआधी तपासा: वहीत ‘आळशी’, ‘नाटकं’, ‘लक्षच नाही’ असे शब्द आलेत का? खोडा, आणि प्रत्यक्ष काय दिसलं ते लिहा.

## टप्पा २: मनाआधी शरीर

हा टप्पा जवळपास सगळे गाळतात, आणि अर्धी प्रकरणं इथेच सुटण्यासारखी असतात असं माझं मत आहे.

झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. आता घोडबंदर रोडचा हिशेब मांडा. शाळेची बस कासारवडवलीहून सकाळी सव्वासहाला. उठणं साडेपाचला. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाचे किमान नऊ तास भरायचे तर साडेआठला डोळा लागलेला हवा. बाबा मुंबईहून घरी येतात नऊला, जेवणं साडेनऊला, आणि दिवसभरात सगळे एकत्र बसतात ती हीच वेळ. त्यामुळे साडेदहा वाजतातच. यात कोणाचीच चूक नाही, पण रोज दोन तासांची तूट पडते आणि तिसऱ्या तासाला मूल फळ्याकडे पाहत पेंगतं. त्याला मग ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो.

राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो याच कारणाने. पाचवीला सकाळचं सत्र लागलं की मुलाचं घड्याळ एकदम मागे ओढलं जातं आणि पालकांना वाटतं, पाचवीचा अभ्यास जड जातोय. उपाय देखणा नाही: मुलाचं जेवण साडेसातला वेगळं उरकायचं आणि बाबांची वेळ सकाळी बसस्टॉपपर्यंतच्या चालण्यात काढायची. सुट्टीच्या दिवशी उठणं तासाभरापेक्षा जास्त पुढे नेऊ नका, नाहीतर सोमवार पुन्हा वाया जातो.

पाणी आणि शौचालय. विचारा: ‘शाळेतल्या बाथरूमला जातेस का?’ कितीतरी मुली घाण वासामुळे, कडी नसल्यामुळे किंवा तासाला सोडत नाहीत म्हणून दिवसभर जात नाहीत. जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. मग डोकेदुखी, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ आणि दुपारी चिडचिड. बाटली संध्याकाळी भरलेली परत येते का ते बघा, एवढ्यावर कळतं.

डोळे आणि कान. फळ्यावरचं उतरवून घेताना शब्द गळतात? आधी चष्म्याचा नंबर तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांचे कानही.

दप्तर. शालेय दप्तर धोरण २०२० प्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. घरच्या काट्यावर मुलाला एकदा दप्तरासह आणि एकदा दप्तराशिवाय उभं करा. लिटरची पाण्याची बाटली एकटीच किलोभर असते हे तेव्हा ध्यानात येतं.

खेळ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर चांगली धावपळ हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुण घसरले की आपल्याकडे पहिला बंद होतो तो खेळच. सोसायटीत ‘बॉल खेळू नये’ची पाटी असेल तर नेरुळ-वाशीच्या सेक्टरांमधली उद्यानं किंवा उपवनचा तलावाकाठ आहेच. क्रिकेटची महागडी अकादमी लागत नाही.

सावध: पोटदुखी ‘मनाची’ आहे हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. आधी त्यांना दाखवा.

## टप्पा ३: मुलाशी बोलणं

समोरासमोर बसवून, टीव्ही बंद करून, दोघांनी मिळून विचारलं की ती चौकशी होते. मुलं शेजारी बसलेल्याशी बोलतात: स्कूटरवर मागे बसून, भाजी निवडताना, तलावपाळीला चक्कर मारताना, दिवा बंद केल्यावर.

‘शाळेत काय झालं?’ याला उत्तर ‘काही नाही’ हेच मिळतं. त्याऐवजी छोटं विचारा. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलास? बसमध्ये जागा कोणाशेजारी? आज कोणाला ओरडा पडला? कोणता तास लवकर संपावा असं वाटलं? मग गप्प राहा. ते बोलायला लागलं की लगेच उपाय सांगायचा मोह होतो, तो आवरा. ‘मग तू काय केलंस?’ एवढंच पुरतं.

दोन वाक्यं कटाक्षाने टाळा. एक, ‘आमच्या वेळी…’. दुसरं, ‘मला सांग, मी कोणाला सांगणार नाही’. हे वचन पाळता येईलच असं नसतं. ‘दुसऱ्या कोणाला सांगावं लागलं तर आधी तुला विचारेन’ असं म्हणा, आणि मग खरंच विचारा. शाळेत भेटायला जाणार हेही मुलाला आदल्या दिवशी सांगा. वर्गाच्या दारात आईला अचानक पाहणं सातवीतल्या मुलासाठी शिक्षाच असते.

## टप्पा ४: वर्गशिक्षिका, आणि ओपन डे सोडून

ओपन डेला बाईंसमोर पन्नास-साठ पालक, हातात पेपरांचे गठ्ठे, प्रत्येकाला तीन मिनिटं. शेजारच्या बाकावर वर्गातल्या दुसऱ्या मुलाची आई. तिथे हा विषय काढू नका. शाळा सुटताना गेटवर गाठणंही नको, त्यांना दुसरं सत्र असतं किंवा लोकल पकडायची असते.

शाळेच्या कॅलेंडरमधल्या पालकांच्या पानावर किंवा शाळेच्या ॲपवर चार ओळी पाठवा:

*‘नमस्कार बाई. गेले दोन आठवडे अमुकला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पोटात दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, तब्येत ठीक आहे. वर्गात तुम्हाला काही वेगळं जाणवतं का, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं भेटायचं आहे. तुमच्या सोयीची वेळ कळवावी.’*

यात तक्रार नाही, निदान नाही, आणि बाईंना आधी वर्गात बघून ठेवायला वेळ मिळतो. ‘माझ्या मुलाला डिप्रेशन आहे’ किंवा ‘बुलिंग चालू आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं तर समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि भेट तिथेच फुकट जाते.

भेटीत आधी त्यांना बोलू द्या. वर्गात पन्नासच्या वर मुलं सांभाळणाऱ्या बाईंना तुमच्या मुलाचं सगळं ठाऊक नसेल, पण ते कोणाशेजारी बसतं, हात वर करायचं कधी थांबलं, मधल्या सुट्टीत वर्गातच रेंगाळतं का, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्या पाचवीतल्या मुलीचं कोडं असंच सुटलं. पीटीला दोन कॅप्टन आळीपाळीने खेळाडू निवडायचे आणि ही दर वेळी शेवटी उरायची. मुलं हसायची. बाईंनी सरांच्या कानावर घातलं, सरांनी हजेरीच्या नंबरांनुसार संघ पाडायला सुरुवात केली. ना समुपदेशन लागलं, ना शाळा बदलावी लागली.

मागणी छोटी ठेवा आणि एकच ठेवा: जागा बदलणं, मोठ्याने वाचायला लावण्याआधी आदल्या दिवशी सांगणं, एक मित्र जोडून देणं. ‘तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्या’ ही मागणी नव्हे. अशा मागणीचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही.

पुढे जाण्याआधी तपासा: भेट संपताना पुन्हा कधी बोलायचं ती तारीख ठरली का? त्याच संध्याकाळी दोन ओळींत ‘आज आपलं असं ठरलं, आभारी आहे’ असं लिहून पाठवा. पुढे कधी लागलं तर हाच कागद कामी येतो.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल: दुसऱ्या मुलाचं नाव तिथे कधीच नको. त्याचे आई-वडीलही त्याच ग्रुपवर असतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत तुमच्या मुलाला वर्गात मोजावी लागते.

## टप्पा ५: शाळेचे समुपदेशक

तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर. काही शाळांत पूर्णवेळ काउन्सेलर असतात, काहींत आठवड्यातून दोन दिवस येणारे, आणि बऱ्याच मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांत कोणीच नसतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. कोचिंग क्लासही यात येतात. शंभरहून कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी सोय जोडलेली हवी. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ असं उत्तर मिळालं तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा मुद्दा लेखी मांडा.

पहिल्या भेटीत विचारा: मूल जे बोलेल त्यातलं आम्हाला काय सांगाल, शिक्षकांना काय सांगाल? तास बुडवून भेटणार की कसं? जिवाला धोका असेल तेव्हा आम्हाला सांगितलं जाईलच, पण बाकीचं मुलाजवळ राहायला हवं. दर भेटीनंतर ‘काय बोलला तो?’ म्हणून फोन करणाऱ्या पालकांची मुलं तिसऱ्या भेटीला गप्प होतात.

आणि मुलाला पाठवताना ‘मॅडम तुला समजावतील’ असं सांगू नका. समजावून घ्यायला कोणतंच मूल खुशीने येत नाही.

## टप्पा ६: बाहेरची तपासणी

तोंडी उत्तरं फाडफाड, लिहिताना मात्र पान कोरं. एकाच पानावर एकाच शब्दाची तीन वेगळी स्पेलिंगं. वाचताना ओळ सुटते. असं वर्षभर चालू असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन-गणितात अडण्याची, तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात.

क्रम असा:

१. नेत्र आणि श्रवण तपासणी. ती झाल्याशिवाय पुढचं कोणी करत नाही.
२. शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या खऱ्या वह्या. फेअर करून घेतलेल्या वह्या नकोत. चुका दिसायला हव्यात.
३. बुद्धिमापन चाचणी, मग शैक्षणिक चाचणी. एका दिवसात होत नाही, खेपा घालाव्या लागतात.
४. प्रमाणपत्र. ते ठरावीक सरकारी केंद्रांचंच ग्राह्य धरलं जातं. शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय यासाठी ठाणेकरांना जुनं परिचयाचं, मध्य रेल्वेने थेट जाता येतं. सध्या कोणत्या केंद्राचा कागद चालतो हे शाळेच्या कार्यालयात विचारूनच नंबर लावा. खाजगी अहवाल घेऊन दहावीच्या जानेवारीत धावाधाव करणारे पालक दर वर्षी असतात.

मूल आठ वर्षांचं होईपर्यंत हे प्रमाणपत्र मिळत नाही, पण मदत त्याआधीही सुरू करता येते. आणि एक गोष्ट पक्की बघा: घरी मराठी आणि शाळा इंग्रजी असेल तर मुलाला मराठीत गोष्ट वाचून दाखवा, प्रश्न विचारा. मराठीत समजतंय, सांगता येतंय, अडतंय ते फक्त इंग्रजीत? मग कदाचित अक्षमता नाहीच, भाषेचा पाया कच्चा आहे. त्याला वेगळी मदत लागते.

भीती, उदासी, झोप उडणं यासाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय (बाह्यरुग्ण विभागात जायला लाजायचं कारण नाही), नेरुळचं डी. वाय. पाटील रुग्णालय, नाहीतर ठाण्यातलीच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था. बरं वाटू लागलं म्हणून औषधं मनाने बंद करू नका.

## टप्पा ७: एका पानावरचा करार आणि सहा आठवडे

आता सगळं कळलंय, आणि इथेच लोक एकदम दहा बदल करतात. मोबाइल बंद, क्लास बदल, योगा सुरू, डबा बदल. मग कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पंधरा दिवसांत सगळंच गळून पडतं.

एक पान घ्या. शाळा एक गोष्ट करणार, घर एक गोष्ट करणार, मूल एक गोष्ट करणार. मुलाची गोष्ट मुलानेच निवडायची. खाली सहा आठवड्यांनंतरची तारीख. युनिट टेस्टच्या आठवड्यातली नको.

घराने करायची गोष्ट बहुधा काहीतरी *कमी* करण्याची असते. शाळेचे सहा-सात तास, बसचा दीड तास, मग वाशी सेक्टर १७ चा क्लास, मग क्लासचा गृहपाठ. दप्तर धोरणात सहावी ते आठवीसाठी शाळेचा गृहपाठ दिवसाला साधारण एक तास आणि नववीपासून जास्तीत जास्त दोन तास सुचवलाय. त्यात क्लासचा धरलेला नाही, तो तुम्हीच मोजायचा. क्लासमध्ये गुणांवरून बॅच पाडत असतील, निकाल भिंतीवर लावून लाज काढत असतील, तर वर सांगितलेल्या न्यायालयीन निर्देशांत हेही शक्यतो टाळायला सांगितलं आहे, ते संचालकांना दाखवा.

सहा आठवड्यांनी काय मोजायचं: गुण नव्हेत, ते सगळ्यात शेवटी हलतात. झोप, डबा, सकाळची कुरबुर, मित्राचा फोन. टप्पा १ ची वही काढा आणि पुन्हा एक आठवडा लिहा. दोन्ही पानं शेजारी ठेवा.

## शाळा दाद देत नसेल तर

आधी वर्गशिक्षिका, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक. प्रत्येक पायरीला आधीच्या भेटीची तारीख लिहून. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालकच असतात. खाजगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सखी सावित्री समिती, शासनाच्या २०२२ च्या निर्णयाप्रमाणे ती प्रत्येक शाळेत असायला हवी. सदस्यांची नावं कार्यालयात मागा. त्यानंतर महापालिकेचा शिक्षण विभाग किंवा शिक्षणाधिकारी.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांच्याकडे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन या. खिडकीवरचा माणूस ‘मेल करा’ म्हणाला तर मेलही करा, पण शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.